वाचकांच्या शंका : दांडी, चेंडू आणि उलटवायचे टेबल

नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पडद्यावरच्या चित्रांपेक्षा हाताखालच्या साधनांविषयी, म्हणजे दांडी (जॉयस्टिक), बटणे, चाके आणि चेंडू यांच्याविषयी आहेत. या वेळी तीच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : जॉयस्टिक हे व्हिडिओ गेमचे मूळ साधन असून बाकीचे चेंडू, मुठी आणि हँडल हे नंतरचे चोचले आहेत, असे माझे मत आहे. माझ्या भाच्याला ते मान्य नाही. आपण निवाडा द्यावा. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : निवाडा भाच्याच्या बाजूने द्यावा लागतो. बाजारासाठी तयार झालेला, नाण्यावर चालणारा पहिला व्हिडिओ गेम म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा 'कॉम्प्युटर स्पेस' १९७१ मध्ये अमेरिकेत आला. त्याच्या मूळ यंत्रावर दांडी नव्हती, चार बटणे होती : यान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, पुढे रेटा आणि गोळी झाडा. अवकाशात रेटलेले यान आपसूक थांबत नाही, त्याला वळवून उलट रेटावे लागते, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटते. हातात ग्लास घेऊन बारमध्ये उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते पटेना. पुढच्याच वर्षी याच जोडीच्या अटारी कंपनीत अल अल्कॉर्न यांनी 'पाँग' तयार केला. त्यात प्रत्येक खेळाडूला एक गोल मूठ दिली होती आणि ती फिरवली की पडद्यावरची फळी वर-खाली होई. सूचनाही 'जास्त गुणांसाठी चेंडू चुकवू नका' अशा अर्थाची, एका ओळीची. सनीव्हेल गावातल्या एका बारमध्ये ठेवलेले पहिले यंत्र थोड्याच दिवसांत बंद पडले. उघडून पाहिले तेव्हा बिघाड वगैरे काही नव्हता, नाण्यांची पेटी तुडुंब भरली होती.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे प्रत्येक नव्या खेळाचे लाकडी कपाट, पडदा आणि साधने यांची आखणी बहुधा एकत्रच होत असे. त्यामुळे 'ॲस्टेरॉइड्स'ला (१९७९) पाच बटणे होती आणि दांडी नव्हती, तर 'पॅक-मॅन'ला (१९८०) नुसती दांडी होती आणि खेळताना दाबायचे एकही बटण नव्हते. यूजीन जार्व्हिस यांच्या 'डिफेंडर'वर फक्त वर-खाली होणारी दांडी आणि तिच्या जोडीला पाच बटणे होती. त्यातले एक बटण केवळ यानाचे तोंड उलट दिशेला फिरवण्यासाठी होते. पहिल्यांदा हात लावणारा खेळाडू पाऊण मिनिटही टिकत नसे, तरीही त्या यंत्राने रग्गड कमाई केली. तेव्हा सोपे साधनच चालते, हा 'पाँग'वरून निघणारा नियमही अर्धाच खरा आहे.

प्रश्न : मी संगणकावर जुने गेम खेळतो. 'टेम्पेस्ट', 'सेंटिपीड' आणि 'मिसाइल कमांड' या तिन्ही खेळांची एवढी ख्याती, पण बाणांच्या कळांनी खेळताना ते अगदी मिळमिळीत वाटतात. दोष माझा की खेळाचा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोष कळांचा आहे. आपण घेतलेली तिन्ही नावे अटारीचीच आहेत आणि त्यांपैकी एकही खेळ कळांसाठी रचलेला नव्हता.

'टेम्पेस्ट' (१९८१) हा डेव्ह थ्यूरर यांचा खेळ. खोल नळीच्या तोंडाच्या कडेवर आपले यान फिरते आणि तळातून शत्रू वर चढत येतात. साधन म्हणून एक गोल मूठ आहे, पण 'पाँग'च्या मुठीपेक्षा ती वेगळी आहे. 'पाँग'ची मूठ रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी होती. तिला दोन्हीकडे शेवट असे आणि तिची जागा हीच फळीची जागा. 'टेम्पेस्ट'ची मूठ कितीही गरगर फिरते, तिला आरंभ नाही आणि अंतही नाही. नळीचे तोंड वर्तुळाकार असेल तर यानालाही त्यावर फेऱ्यांमागून फेऱ्या मारता येतात, म्हणजे हाताची गती आणि पडद्यावरची गती एकाच जातीची होते. कळ दाबून तेच यान ठरावीक वेगाने सरकवणे म्हणजे भोवऱ्याला ढकलत नेण्यासारखे आहे.

उरलेल्या दोन खेळांतल्या चेंडूचे, म्हणजे ट्रॅकबॉलचे, गुपित कळायला आतून पाहावे लागते. ज्यांनी रबरी गोळीचा जुना माऊस वापरला आहे, त्यांनी ते नकळत पाहिलेलेही आहे, कारण ट्रॅकबॉल म्हणजे उताणा ठेवलेला तोच माऊस. मोठा गुळगुळीत चेंडू एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन बारीक रुळांवर टेकलेला असतो. एक रूळ आडवी हालचाल टिपतो आणि दुसरा उभी. प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते आणि चकतीच्या कडेला प्रकाश ओळखणारे दोन डोळे किंचित अंतराने बसवलेले असतात. चकती फिरली की खाचांमधून येणारा प्रकाश लुकलुकतो. कोणता डोळा आधी झाकला गेला यावरून दिशा कळते आणि किती भराभर झाकला गेला यावरून वेग. कळ मात्र 'दाबली' किंवा 'सोडली' एवढेच सांगू शकते. 'किती' हा शब्द तिच्या भाषेत नाही. माऊस मध्येच अडखळू लागला की आपण तळाचे झाकण काढून रुळावर बसलेली मळाची काळी वळी नखाने खरवडत असू. गेमच्या यंत्राचा चेंडू एका दिशेला छान पळतो आणि दुसऱ्या दिशेला ठेचकाळतो, तेव्हा दुखणे बहुतेक वेळा तेवढेच असते.

'मिसाइल कमांड'मध्ये (१९८०) हा चेंडू नेमके काय करतो ते पाहा. वरून अण्वस्त्रे येत आहेत, खाली सहा शहरे आहेत आणि तीन तळांवर प्रत्येकी दहा, अशी तीसच क्षेपणास्त्रे आहेत. तळहाताने चेंडू भिरकावून नेमबिंदू आकाशाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी डावा, मधला की उजवा तळ हे निवडायचे. हा खेळही थ्यूरर यांचाच. भीती वाटते ती शत्रूच्या वेगाची नव्हे, आपला हात घाईत लक्ष्याच्या पुढे निघून जाण्याची. बाणांच्या कळांवर ती घाई शिल्लकच राहत नाही.

उपाय सोपा आहे. हे तिन्ही खेळ माऊसने खेळावेत. मात्र चेंडूची एक गोष्ट माऊसलाही जमत नाही. जोरात भिरकावलेला चेंडू हात उचलल्यावरही क्षणभर फिरत राहतो, आणि तो थांबवायला पुन्हा तळहात टेकवावा लागतो. मार्क सर्नी यांच्या 'मार्बल मॅडनेस'मध्ये (१९८४) उतारावरून गोटी सांभाळत न्यायची असते, तिथे हे वजन फार उपयोगी पडते. उलट १९७८च्या 'अटारी फुटबॉल'मध्ये गडी पळवण्यासाठी चेंडू इतका रगडावा लागे की खेळणाऱ्यांच्या तळहाताला फोड येत.

प्रश्न : दोन जॉयस्टिक एकाच खेळाडूने वापरायच्या, असेही गेम होते म्हणे. दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी करणे माणसाला जमते का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तबला वाजवणाऱ्यांना हा प्रश्न विचारला तर ते हसतील. सरावाने जमते, पण प्रत्येक खेळाने दोन दांड्यांचा अर्थ वेगळा लावला, हे महत्त्वाचे.

एड रॉटबर्ग यांच्या 'बॅटलझोन'मध्ये (१९८०) खेळाडू रणगाड्यात असतो आणि दोन दांड्या म्हणजे रणगाड्याचे दोन पट्टे. दोन्ही पुढे ढकलल्या तर गाडा पुढे जातो. एक पुढे आणि एक मागे केली तर तो जागच्या जागी गिरकी घेतो. डोळे लावायला पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखी खिडकी होती. अमेरिकी लष्कराला हा खेळ इतका भावला की ब्रॅडली या लढाऊ वाहनाच्या सरावासाठी त्याची निराळी आवृत्ती मागवण्यात आली. त्या आवृत्तीसाठी घडवलेली दोन्ही हातांनी धरायची मूठ पुढे १९८३ च्या 'स्टार वॉर्स' यंत्रावर आली.

'रोबोट्रॉन : २०८४' (१९८२) या जार्व्हिस आणि लॅरी डेमार यांच्या खेळात डाव्या दांडीने चालायचे आणि उजवीने गोळ्यांची दिशा ठरवायची. बटण नाहीच, दांडी ज्या दिशेला कलली त्या दिशेला गोळ्या सुटतात. म्हणजे पळायचे एकीकडे आणि मारायचे दुसरीकडे. त्या सुमारास मोटार अपघातात जार्व्हिस यांच्या उजव्या हाताला दुखापत झाली होती आणि बटण दाबणे अवघड झाले होते, त्यातून ही कल्पना पुढे सरकली. आज घरगुती कन्सोलच्या पॅडवर दोन अंगठ्यांखाली ज्या दोन छोट्या दांड्या असतात, त्यांनी पळणे आणि नेम धरणे वेगळे करणारे असंख्य खेळ याच वाटेने आले आहेत.

मला स्वतःला मात्र या तिघांत निचिबुत्सु या जपानी कंपनीचा 'क्रेझी क्लायंबर' (१९८०) सर्वांत जास्त आवडतो. एक माणूस उंच इमारतीच्या खिडक्या धरून वर चढतो. डावी दांडी म्हणजे त्याचा डावा हात, उजवी म्हणजे उजवा. दांडी वर केली की हात वरच्या खिडकीकडे जातो, खाली ओढली की त्या हातावर अंग वर येते. एक वर, एक खाली, मग उलट. घागर ओढताना रहाटावर हात जसे पाळीपाळीने चालतात तशी लय एकदा सापडली की माणूस सरसर चढतो. तेवढ्यात धरलेली खिडकी बंद होऊ लागते किंवा वरून कोणीतरी कुंडी टाकतो. कुंडी येते तेव्हा दोन्ही हातांनी घट्ट धरून राहायचे असते आणि लयीत चाललेल्या हातांना ते थांबणेच जमत नाही.

प्रश्न : घरी स्वतः कपाट करून त्यात 'पॅक-मॅन' बसवला. जॉयस्टिक नवी आणि चांगल्या प्रतीची आहे, तरी वळणावर पॅक-मॅन वळतच नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली जॉयस्टिक आठ दिशांची असणार. 'पॅक-मॅन'ला चारच दिशा ठाऊक आहेत. आठ दिशांची दांडी वळणावर किंचित तिरकी गेली की 'वर' आणि 'उजवीकडे' हे दोन्ही स्विच एकदम दाबले जातात आणि खेळ गोंधळतो. बऱ्याच जॉयस्टिकच्या पोटाखाली दांडीला आवर घालणारी एक प्लास्टिकची पट्टी असते. ती सोडवून फिरवून किंवा उलटी करून बसवली की दांडी चारच दिशांना जाते. 'डाँकी काँग'लाही हीच सोय करावी. 'क्यू-बर्ट' बसवणार असाल तर मात्र अख्खी दांडी पंचेचाळीस अंशांनी तिरकी बसवावी लागेल, कारण त्या खेळात सगळ्या उड्या तिरप्याच आहेत.

प्रश्न : यंत्र मोडेपर्यंत खेळणाऱ्या लोकांचा कंपन्यांनी विचार केला होता का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कधी केला, कधी उशिरा केला. कोनामीच्या 'ट्रॅक अँड फील्ड'मध्ये (१९८३) धावण्यासाठी दोन बटणे होती आणि ती आळीपाळीने जितकी भराभर दाबावीत तितका पडद्यावरचा खेळाडू वेगाने धावे. माणसाच्या बोटांना मर्यादा आहे, पण डोक्याला नाही. अमेरिकेत मुलांनी पेन्सिल आणली. ती एका बोटावर तराजूच्या दांडीसारखी तोलायची, तिची दोन टोके दोन बटणांवर ठेवायची आणि नुसती हेलकावत राहायची. जपानी मुलांनी पट्टी आणली. पट्टीचे एक टोक दाबून धरायचे आणि दुसरे ओढून सोडायचे; वर्गात मागच्या बाकावर बसून आपण सर्वांनी जो थरथराट केला आहे तोच बटणावर केला की सेकंदाला बोटाला शक्य नाहीत इतके ठोके पडत. बटणांची जी दशा झाली असेल तिची कल्पना वाचकांनी करावी.

कॅपकॉमच्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'ची (१९८७) गोष्ट याहून निराळी आहे, कारण तिथे दांडगाई कंपनीनेच मागितली होती. त्याच्या मोठ्या यंत्रावर ठोसा आणि लाथ यांसाठी रबराच्या दोन मोठ्या गाद्या होत्या. हलके दाबले तर हलका ठोसा, जोरात आदळले तर जबर ठोसा. लोकांनी अर्थातच प्रत्येक ठोसा जबर मारायचे ठरवले. हात दुखू लागले आणि यंत्रेही खिळखिळी झाली. मग गाद्यांऐवजी सहा बटणांची आवृत्ती आली : तीन ठोशांसाठी आणि तीन लाथांसाठी, हलके, मध्यम आणि जबर. मारामारीच्या खेळांत पुढे रूढ झालेल्या सहा बटणांच्या मांडणीचा उगम या फसलेल्या गाद्यांत आहे.

प्रश्न : नव्वदच्या दशकात आमच्या पार्लरमध्ये एक दांडी आणि दोन-तीन बटणे यांपलीकडे काहीच नव्हते. हे चेंडू आणि मुठी आपल्यापर्यंत का पोहोचल्या नाहीत? (एक वाचक, लातूर)

उत्तर : याचे कारण बरेचसे कपाटातल्या तारांमध्ये आहे. सुरुवातीला प्रत्येक खेळाच्या तारांची जुळणी वेगळी असे. नवा खेळ हवा तर जवळजवळ नवे यंत्रच घ्यावे लागे. १९८५ मध्ये जपानच्या करमणूक यंत्र उत्पादकांच्या संघटनेने जोडणीचे एक प्रमाण ठरवले, ते तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'जामा' म्हणून ओळखले जाते. छप्पन्न टोकांची एकच पट्टी. तीत वीज, चित्र, आवाज, नाण्याचा स्विच आणि दोन खेळाडूंसाठी प्रत्येकी एक दांडी आणि तीन बटणे. जुना खेळ जुना झाला की मालकाने सर्किट उपसायचे आणि नवे खुपसायचे. कपाट, पडदा आणि दांड्या त्याच. दुकानदाराच्या दृष्टीने हे वरदानच होते. पण या छप्पन्न टोकांमध्ये चेंडूसाठी किंवा गरगर फिरणाऱ्या मुठीसाठी जागा नव्हती. तसा खेळ हवा असेल तर जास्तीच्या तारा ओढा, जास्तीचे भाग मागवा. जिथे एका रुपयाला डाव मिळे आणि बिघडलेला भाग गावात मिळत नसे, तिथे असला व्याप कोण करणार?

काही खेळांचे तर या सोयीसाठी हातपायच कापले गेले. एसएनकेच्या 'इकारी वॉरियर्स'मध्ये (१९८६) दांडी ढकलून चालायचे आणि तिचाच शेंडा पिळून बंदुकीची दिशा बदलायची, अशी बारा घरांची फिरती दांडी होती. ही दांडी नको म्हणून साध्या दांडीवर चालणारी नकली सर्किटे निघाली. त्यांत तोंड जिकडे तिकडेच गोळी.

ज्या खेळांना साधी दांडी पुरत होती ते आपल्याकडे जोरात चालले, यात म्हणूनच नवल नाही. कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) हा खेळ त्याच्या खऱ्या नावाने मागितलेला मी कधी ऐकला नाही. पिवळ्या टोपीच्या गड्यावरून त्याला सगळे 'मुस्तफा'च म्हणत. एक दांडी, एक मारायचे बटण, एक उडीचे. जामाच्या पट्टीत आरामात मावणारा खेळ.

'स्ट्रीट फायटर २' मात्र मावत नव्हता. त्याची तीन ठोशांची बटणे मुख्य पट्टीतून जात आणि तीन लाथांसाठी सर्किटावर वेगळी जोडणी करावी लागे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पार्लरमालकाने ती केलीच नव्हती. कपाटावर तीनच बटणे होती. त्यामुळे आमच्या गावात गाइल हा लढवय्या ठोशाच्या बटणावरचा 'सॉनिक बूम' सोडत असे, पण त्याची 'फ्लॅश किक' ही लाथ आम्ही कधी पाहिली नाही. चुन-लीला लाथांचा पाऊस पाडता येत नव्हता, आणि ती दुबळी आहे असे आम्हा सर्वांचे ठाम मत होते. कॉलेजसाठी पुण्याला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलाने चुन-ली घेऊन मला सलग चार वेळा हरवले.

प्रश्न : लहानपणी घेतलेला टीव्हीचा गेम माळ्यावर सापडला. कार्ट्रिज चालते, पण बदकांवर झाडायची बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर लागत नाही. दुरुस्त होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बंदूक बहुधा चांगलीच आहे, टीव्ही बदलला आहे. ती बंदूक काही सोडत नाही, ती पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे सारे जुन्या काचेच्या टीव्हीच्या चित्र रेखाटण्याच्या पद्धतीवर आणि वेळेवर बेतलेले आहे. नवा टीव्ही चित्र दाखवायला जरा उशीर करतो आणि तेवढ्यात बंदुकीची पाहण्याची वेळ टळून जाते. भंगारवाल्याकडे जुना टीव्ही मिळाला तर घ्यावा. पार्लरमधल्या काही यंत्रांवर खिळलेल्या बंदुका मात्र कोणत्याही पडद्यावर चालतात, कारण त्या मुळात पाहतच नाहीत. आपण त्या किती वळवल्या एवढेच खालच्या आसापाशी मोजले जाते.

प्रश्न : आपल्या माहितीतले सर्वांत विचित्र साधन कोणते? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : घरी कन्सोल आल्यावर, घरात ठेवता येणार नाही असे काहीतरी देणे आर्केडवाल्यांना, म्हणजे पार्लरसाठी यंत्रे करणाऱ्यांना, भाग पडले. त्यातून अंग कलवून वळवायची मोटरसायकल ('हँग-ऑन', १९८५) आली आणि पायांनी खेळायचा नाचही ('डान्स डान्स रेव्होल्यूशन', १९९८) आला. पण विचित्रपणाचा मान तैतो या जपानी कंपनीच्या २००९ च्या 'चो चाबुदाई गाएशी'ला द्यायला हवा. चाबुदाई म्हणजे जपानी घरात जमिनीवर बसून जेवायचे बुटके टेबल. यंत्रासमोर खरोखरच तसे एक छोटे टेबल बिजागरीवर बसवलेले आहे. पडद्यावर आपण कुटुंबप्रमुख आहोत, जेवण मांडले आहे आणि घरातले कोणीही आपल्याकडे लक्ष देत नाही. दोन्ही हातांनी टेबल बडवायचे. लोक दचकतात, आपला राग चढत जातो. वेळ संपायच्या आत, राग शिगेला पोहोचला असे वाटेल त्या क्षणी टेबलाची कड धरून ते उलथून द्यायचे. वाट्या, भात आणि घरातल्या वस्तू कुठवर उडाल्या ते मग संथ गतीने दाखवले जाते आणि नुकसानीच्या हिशेबाने गुण मिळतात. बटण एकही लागत नाही. टेबल आपोआप जागेवर येते आणि पुढचा माणूस बाह्या सरसावतो.